सासूबाईंच्या हातातला दोर

९ एप्रिल

परवाना मिळाला! कड्याच्या भिंतीवर चढायचा, तिथेच जेवायचा, झोपायचा — सगळ्याचा एकच. फॉर्म समोर आला तशा सासूबाई म्हणाल्या, "तूच भर, मॅरेन. माझा चष्मा गाडीत राहिलाय."

भरला. गटप्रमुख — लारू, वय एकसष्ट. दुसरी व्यक्ती — मी. गटप्रमुखाशी नातं — सून. अपघात झाल्यास कोणाला कळवावं? लारूंसाठी थेन, म्हणजे त्यांचा मुलगा, म्हणजे माझा नवरा. आणि माझ्यासाठी हाताने आपोआप लिहिलं — सिग्ने. बॉइझी शहरात राहणारी माझी बहीण. तिचा नंबरसुद्धा! खोडणार तेवढ्यात खिडकीतल्या बाईने शिक्का हाणला.

लारूंनी कागद प्लास्टिकमध्ये घातला आणि डुकराला बांधला. (डुक्कर म्हणजे आमचं सामानाचं पोतं. ओढून बघा, नाव का पडलं ते कळेल.) चष्म्याशिवाय त्यांना हॉटेलातली पाटी वाचता येत नाही, म्हणून वाचले. असले रकाने कोण बघतं!

आता फक्त तुला, वही. खाली उतरले की थेनला सांगणार आहे — मी निघाले. कनाब गावात खोली बघून ठेवली आहे. थेन वाईट नाही. पीत नाही, मारत नाही, बोलतही नाही. आठ वर्षं त्याच्या ट्रकशी माझ्यापेक्षा जास्त बोलणं झालं त्याचं.

आणि तोवर तेराशे फूट माझा जीव कोणाच्या हातात? ज्याला सोडणार त्याच्या आईच्या! अकलेचं प्रदर्शन भरवलं तर पहिलं बक्षीस माझं.

बेत रद्द करता आला असता. पण लारूंनीच मला गाठ बांधायला शिकवली. थेनशिवाय मी राहीन. लारूंशिवाय कसं राहायचं ते मला अजून माहीत नाही.

१० एप्रिल

पाऊस. वाळवंटात. अर्थातच.

११ एप्रिल

हा लाल दगड पाणी पितो आणि बिस्किटासारखा मऊ होतो. म्हणून वाट बघायची. किती? ते सासूबाईंचा चमचा ठरवणार. सकाळी नदी ओलांडून (पाणी असं गार की पाय आपले आहेत की नाहीत कळत नाही) भिंतीच्या पायथ्याशी गेलो. त्या गुडघ्यावर बसल्या, स्वयंपाकाच्या चमच्याने वाळू उकरली, बोट घातलं. "ओली." संपलं. परत नदी.

१२ एप्रिल

ओली.

१३ एप्रिल

"ओली." वर ऊन चटके देतंय, आणि ही बाई चमचा घेऊन बसली आहे! शेजारच्या तंबूतले कोलोरॅडोचे दोघे हसले आणि चढले. दुपारी त्यातला एक लंगडत परत. पाय ठेवला तो दगडच निघाला म्हणे.

"त्यांना दगड कळला नाही," लारू म्हणाल्या. "दगडाला मात्र ते कळले."

जेवायला चीज घातलेले भाजके बटाटे. आमच्याकडे ते प्रत्येक मयताला करतात. चढाईच्या आदल्या दिवशी खास! सासूबाईंना शुभशकुनात कमतरता चालत नाही.

१४ एप्रिल

कोरडी!

पाच टप्पे झाले. दर टप्प्याआधी त्या माझी गाठ ओढतात, "बघितली" म्हणतात. मग मी त्यांची ओढायची, म्हणायचं. एकदा विसरले तर जागच्या हलल्या नाहीत. हिमालयाएवढा हट्ट.

डुक्कर ओढून कंबर गेली. त्याच्याखाली शौचाची बंद नळी लोंबते — इथलं काहीही इथे सोडायचं नाही, आपलंसुद्धा. सासूसुनेचं एकाच नळीत. आठ वर्षांत एवढं एकत्र कुटुंब झालं नव्हतं.

संध्याकाळी टांगता पलंग लावला. खाली पाचशे फूट हवा. एका पलंगावर दोघी, त्यांचा पाय माझ्या बरगडीत. डब्यातले पीच खाताना म्हणाल्या, "खाली गेलीस की पहिलं काय करणार?"

"अंघोळ."

"हं." मग डब्यातला रस पिऊन टाकला. सगळा! विचारलंही नाही.

१५ एप्रिल

पडले.

आठवा टप्पा माझा होता. भेग बोटाएवढी, त्यात दोर अडकवायला बसवलेले लोखंडाचे तुकडे दाताच्या टोकाएवढे. वर सरकले, एक निसटला, मग त्याच्याखालचा, मग मी. वीस फूट असेल. मनात एकच आलं — बिचाऱ्या लारूंना माझ्यासाठी थेनला कळवावं लागणार, आणि कागदावर तर सिग्ने आहे! मरताना माणसाला देव आठवतो. मला फॉर्म आठवला.

दोर ताणला. थांबले.

"पडलीस का?" खालून आवाज.

"हो!"

"झालं? आता चढ."

चढले. रडत चढले, लिहून ठेवते. वरून दोर बांधून दिला, त्यावरून त्या आल्या तेव्हा त्यांचा डावा हात मनगटापर्यंत सोललेला. माझ्या धक्क्याने त्या भिंतीवर आपटल्या होत्या. दोर मात्र सोडला नव्हता.

"लारू, हात —"

"तुझ्यापेक्षा माझं कातडं जाड आहे. गाठ दाखव."

ओढली. "बघितली."

ही बाई मला धरून ठेवते आणि मी हिच्या घरातून पळून चालले आहे. फार घाणेरडं वाटलं.

१६ एप्रिल

माथा! माझी पहिली भिंत. त्यांची कितवी, त्यांनाही आठवत नाही. वर चार पाइन आणि मुंग्या. एवढ्यासाठी सगळं.

सांगायचं ठरवलं होतं. तोंड उघडलं. त्या म्हणाल्या, "काय?" मी म्हणाले, "पाणी आहे का?" शूर बाई मी.

१८ एप्रिल

थेनला सांगितलं. म्हणाला, "बरं." मग, "आईला मी सांगतो." आठ वर्षांत पहिल्यांदा त्याने स्वतःहून एक काम अंगावर घेतलं. नेमकं हे.

२६ एप्रिल

कनाब. खोलीला खिडकी आहे, खिडकीला समोरच्या गॅरेजची भिंत आहे. मिळाली ती भिंत गोड मानायची!

लारूंचा फोन नाही. माझे निम्मे दोर त्यांच्या शेडमध्ये आहेत. मागायला जायचं तोंड नाही. ठीक आहे. मुलाची आई आहे ती. माझी कोण?

रोज फोन उलटा ठेवते, रोज सुलटा करून बघते.

२ मे

अजून नाही. ठीक नाही.

५ मे

पाकीट आलं. आत ऑक्टोबरच्या भिंतीचा परवान्याचा फॉर्म, लारूंच्या जाड पेन्सिलीने भरलेला. दुसरी व्यक्ती — मॅरेन. अपघात झाल्यास — सिग्ने, बॉइझी, नंबर आकडा न् आकडा बरोबर. तो मी त्यांना कधीच दिला नव्हता. नातं — आधी "सून" लिहिलं, खोडलं, वर लिहिलं "दोरावरची जोडीदार".

समासात एक ओळ: "तेव्हा चष्मा खिशातच होता. मला फॉर्म भरायचा कंटाळा येतो, वाचायचा नाही."