बाईसाहेबांच्या प्रकृतीविषयी

ती. अक्कांस,

आधी नमस्कार, मग तुमच्या गुडघ्याची चौकशी, आणि बाकीचं सगळं त्यानंतर. नव्या पट्ट्याने गुडघा वाकतो का? दादांच्या कानातलं यंत्र अजून शिट्टी वाजवतं का? वाजवत असेल तर ते कानात नीट बसत नाही एवढाच त्याचा अर्थ. दुकानदार नवीन घ्यायला सांगेल, त्याचं ऐकू नका. (दादा ऐकणार नाहीतच, मी तुमच्याबद्दल म्हणतो आहे.) माझी तब्येत चांगली आहे. जेवण वेळेवर होतं, झोप लागते.

फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. आपल्या रविवारच्या फोनवर तुमचं बोलून होतं आणि माझं राहून जातं. यात तुमची काही चूक नाही. ही होती तेव्हा आमच्या घरातर्फे बोलायचं काम हिच्याकडे होतं, मी शेजारी बसून मान हलवत असे. आता हलवलेली मान फोनवर दिसत नाही. गेल्या खेपेला मी एवढंच म्हणालो की ऑर्किडची पानं मध्यंतरी मलूल झाली होती, आणि माझा श्वास घेऊन होईतो पुढच्या महिन्यात गाडी काढून यायचं आणि झाड घेऊन जायचं हे तुम्ही ठरवूनही टाकलंत. झाड तुम्हीच धाकट्या बहिणीला दिलेलं, त्यामुळे त्यावर मी काय बोलणार. पण न्यायच्या आधी त्याचं काय काय झालं ते तुम्हाला सविस्तर कळावं, म्हणून लिहायला बसलो.

तुम्हाला माहीतच आहे, हिने त्या झाडाचं नाव बाईसाहेब ठेवलं होतं. वर्षातून एकदा फुलायचं, ते दोन महिने मिरवायचं आणि उरलेलं वर्ष गाल फुगवून बसायचं, म्हणून. बाईसाहेबांची जागा बैठकीच्या खोलीत, खिडकीशी, पाहुण्यांच्या खुर्चीला लागून. ही गेल्यावर जे भेटायला आले ते सगळे त्याच खुर्चीवर बसले, आणि सगळं दुखणं तिथून सुरू झालं. माणूस येतो, मी त्याला पेलाभर पाणी देतो, तो अर्धं पितो. मग तो म्हणतो, फार वाईट झालं. मी म्हणतो, हो. यापुढचं दोघांनाही सुचत नाही. तो पंख्याकडे बघतो, मी चपलांकडे बघतो. मग त्याला शेजारचं झाड दिसतं, हातातला अर्धा पेला दिसतो, आणि या घरासाठी आपण निदान एवढं तरी केलं अशा समाधानाने तो उरलेलं पाणी कुंडीत ओतून उठतो. सगळ्यांनी हेच केलं. एकाने दुसऱ्याला सांगितल्यासारखं केलं. मी दुसरा एखादा विषय काढला असता तर झाड वाचलं असतं, पण विषय काढायची मला सवय नाही.

आमचं ऑफिसचं पथक तर एकदमच आलं. तुम्हाला मी कधी नीट सांगितलं नसेल, आमचं काम गळती शोधण्याचं. रस्त्यावर लोखंडी कांडी टेकवायची, तिचं दुसरं टोक कानाला लावायचं आणि जमिनीखाली पाण्याची नळी कुठे फुटली आहे ते ऐकायचं. या कामात बडबडा माणूस टिकत नाही. तेव्हा पथक येऊन ओळीने बसलं आणि खोलीत अशी शांतता पसरली की स्वयंपाकघरातला नळ ठिबकतो आहे हे सगळ्यांना एकाच वेळी ऐकू आलं. तिघे उठून तिकडे वॉशर बदलायला गेले. ज्यांना नळाशी जागा मिळाली नाही त्यांनी झाडाला पाणी घातलं.

आता कुंडीचं. तुम्ही झाडाबरोबर दिलेलं निळं चिनी मातीचं भांडं फारच सुंदर आहे, मात्र त्याला खाली भोक नाही. (हे दोष म्हणून सांगत नाही, माहिती म्हणून सांगतो.) आत प्लास्टिकची दुसरी कुंडी आहे आणि ती बाहेर काढून, पाणी घालून, पुरतं निथळल्यावर परत ठेवायची असते, हे हिला ठाऊक होतं. मला आत दुसरी कुंडी आहे हेच ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं मी शेजारच्या खुर्चीत बसून पेपर वाचत होतो.

पानं सुरकुतली, लोंबायला लागली. मी म्हटलं, तहान लागली असेल. पाणी वाढवलं. पानं आणखी लोंबली, मी आणखी वाढवलं. अक्का, आमच्या खात्यात नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात शिकवतात की टोकाच्या घराला पाणी पोचत नसेल तर टाकीतून जास्त सोडायचं नसतं, आधी मधली नळी बघायची असते. हे मी स्वतः कित्येकांना शिकवलं आहे. आणि घरात मी रोज सकाळी टाकीतून जास्त सोडत होतो.

मग एकदा खिडकीची काच पुसायला म्हणून कुंडी उचलली, तर आतून डुबुक असा आवाज आला. मी कुंडी स्टुलावर ठेवली, कपाटातून कांडी आणली, तिचं टोक कुंडीच्या पोटाला टेकवलं आणि दुसऱ्या टोकाला कान लावून बसलो. हे चाललेलं असताना उघड्या दारात वरच्या मजल्यावरच्या सिस्टर येऊन उभ्या राहिल्या. त्यांचं टपाल आमच्या पेटीत पडलं होतं, ते न्यायला. या बाईंनी सगळी हयात ऑपरेशन थिएटरमध्ये काढली, सर्जनच्या हातात हत्यार देणं आणि तो चुकत असेल तर नुसत्या डोळ्यांनी दटावणं ही त्यांची नोकरी. दुसरं कोणी असतं तर माझ्या डोक्यावर परिणाम झाला असं सगळ्या इमारतीला सांगून आलं असतं. सिस्टरांनी क्षणभर बघितलं आणि विचारलं, "ठोके आहेत का?"

मी म्हणालो, "पाणी आहे."

"मग उघडावं लागेल," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला झाडांतलं कळतं?"

"अजिबात नाही. पण सडलेलं काय आणि चांगलं काय, एवढं कळतं. कात्री उकळायला टाका."

जेवणाच्या टेबलावर धुतलेली चादर पसरली. कात्री, चिमटा आणि जुना दाढीचा ब्रश उकळून काढला. झाड बाहेर काढल्यावर जो वास आला त्याचं वर्णन करत नाही, तुम्ही हे जेवणाआधी वाचत असाल. मुळं काळी, बोटाने दाबली की सालीसारखी निघून हातात येणारी. मी एक मूळ उचलून बघत होतो तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, "नातेवाइकांनी बाहेर बसावं." मी म्हणालो, हे माझंच घर आहे. त्या म्हणाल्या, "सगळे असंच काहीतरी म्हणतात." मी बाहेर जाऊन बसलो.

बाहेर बसलं की हातांचं काय करावं हा प्रश्न पडतो. गेल्या वर्षी दवाखान्याच्या बाकावर तो फार पडायचा. तेव्हा तुम्ही शेजारी होतात आणि सारख्या बोलत होतात, पडदे कोणत्या रंगाचे घ्यावेत इथपासून दादांच्या घोरण्यापर्यंत. त्याचा मला केवढा आधार झाला ते सांगायचं राहिलं होतं, ते इथे सांगतो. या वेळी शेजारी कोणी नव्हतं. आतून कात्रीचा आवाज येत होता आणि मी पाहुण्यांच्या खुर्चीत बसून पंख्याकडे बघत होतो. मग दार उघडलं आणि सिस्टर म्हणाल्या, "तीन मुळं शाबूत आहेत. बाकीची काढली. आता बघता येईल." मी नुसती मान हलवली. उठून चहा केला, त्यात साखर दोनदा पडली, सिस्टरांनी तो तसाच प्यायला.

चहानंतर झाड नव्या, भोकं पाडलेल्या कुंडीत, झाडाच्या सालीचे तुकडे भरून बसवलं, आणि सिस्टर हत्यारं मोजायला लागल्या. कात्री मिळाली, ब्रश मिळाला, चिमटा मिळेना. मी म्हटलं, जाऊ द्या, सापडेल कुठेतरी. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की त्या सर्जन लोकांची मला दया आली. "पेशंट पुन्हा उघडावा लागेल," त्या म्हणाल्या. पुन्हा उघडला. एकेक साल बाजूला करून बघितली. चिमटा माझ्या शर्टाच्या खिशात होता, बाहेर जाताना मीच घेऊन गेलो होतो. बाईसाहेबांनी हेही सोसलं.

त्यानंतर त्यांना पारदर्शक पिशवीत उबेला ठेवलं आणि कुंडीला मी पाटी लावली, ‘कृपया पाणी घालू नये’. पाटीचा परिणाम वेगळाच झाला. जो येतो तो पाटी वाचतो आणि विचारतो, का? आता विचारल्यावर सांगावं लागतं. मग मी सांगतो, की हे झाड मातीतलं नाही, याची मुळं दुसऱ्या झाडाची साल धरून उघड्या हवेत राहणारी, ती ओली असली की हिरवी दिसतात, वाळली की रुपेरी, आणि रुपेरी दिसल्याशिवाय पेलाभरही पाणी द्यायचं नाही. परवा आमचे पथकप्रमुख आले होते. माझं हे सगळं एका दमात सांगून झाल्यावर त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून बघितला. हल्ली लोक दारातूनच मुळं कशी आहेत असं विचारतात. पूर्वी मी कसा आहे असं विचारायचे आणि मला उत्तर देता येत नसे. मुळांचं येतं.

पानं आता बऱ्यापैकी ताठ झाली आहेत, आणि खरी बातमी तर पुढेच आहे. गेल्या आठवड्यात दोन पानांच्या बेचक्यातून हिरवं टोक बाहेर आलं. फुलांचा दांडा. मी ऑफिसात सांगितलं, पथक जेवणाच्या सुट्टीत येऊन बघून गेलं, जाताना प्रत्येकाने माझ्या पाठीवर हात ठेवला. सिस्टरांनी मात्र पेशंटबद्दल इतक्या लवकर चांगलं बोलू नये असं बजावलं आहे.

तर प्रकृतीचा हा असा तपशील आहे. गुडघ्याला जपा. दादांना नमस्कार सांगा, जरा मोठ्याने.

आपला मेहुणा

ता. क. पत्र पाकिटात घालताना भिंग घेऊन पुन्हा बघितलं. फुलांच्या दांड्याचं टोक चपटं आणि जरा वाकडं असतं म्हणतात. हे गोल आणि गुळगुळीत आहे. तो दांडा नाही, मूळ आहे. यंदा फुलं येणार नाहीत. पथकाला अजून सांगितलेलं नाही, ते फार खुशीत आहेत. मला स्वतःला वाईट वाटायला हवं होतं, पण तसं झालं नाही. शाबूत तीन होती, आता चार झाली.

ता. क. २. तुम्ही जरूर या, चांगल्या आठ दिवस राहा, मागची खोली झाडून ठेवली आहे. झाड मात्र इथेच असू द्यावं अशी विनंती आहे. ते तुमच्या बहिणीचं म्हणून तुम्हालाही हवं असणार, हे मला कळतं. याच्या बुडाशी पिल्लू फुटतं असं ऐकलं आहे, फुटलं की पहिलं तुमचं. पण संध्याकाळी कुलूप उघडून आत आल्यावर बघायचं कुठे, हे मला मधले काही महिने कळत नव्हतं. आता मी आधी खिडकीकडे बघतो.

ता. क. ३. हे वाचून तुम्ही लगेच फोन कराल आणि सरळ विचाराल, "मग नेऊ की नको?" मी मला ओळखतो. मी म्हणेन, "न्या की, तुमचंच आहे." म्हणून कृपा करून ते विचारू नका. तेवढं सोडून काहीही बोला, मी ऐकतो.