मथळा माझा

उमेळे,
१४ नोव्हेंबर २०२४

जयरामदादा,

नमस्कार. आई बरी आहे, गुडघा तेवढा दुखतो. तू विचारणार नाहीस म्हणून आधीच कळवते. विरारहून फोन करू नकोस, मी उचलणार नाही.

शाळेत दहा वर्षं माझ्या बाकावर बसलेली रेजिना भुईगाव सोडून गेली. ती शिकवायची त्या शाळेने परवा तिच्याकडून राजीनामा लिहून घेतला. मी गेले तर तिच्या आईने दारातच अडवलं. "आमच्या घरी जेवलेली पोर तू. भावाला सांग, त्याचा पेपर आमच्या गल्लीत कोणी घेत नाही आता."

सांगितलं.

'सांज चटका' सुरू झाला तेव्हा आपण पडवीत बसून अंकाच्या घड्या घालायचो. चारच पानं. न आलेला टँकर, बिल्डरने बुजवलेली विहीर, हरवलेली म्हातारी माणसं. लोक तुला रस्त्यात थांबवून बातम्या द्यायचे. मग इमारती वाढल्या, स्टेशनबाहेर पेपरांची गर्दी झाली आणि तू पहिलं पान लाल केलंस. कुणाच्या घरातली भानगड छापली की अंक दुपारीच संपतो, हे तू जेवताना सांगायचास. मी ऐकत जेवायचे. मथळे मीच द्यायचे ना.

शाळा सुटल्यावर सातिवलीच्या गोदामात रेजिना कामगारांच्या मुलांना शिकवायची. तुझ्या फोटोवाल्या भूपेशने ती आणि गोदामाचा मालक बोलताना टिपले. तू फोटोतली मुलं कापलीस, तिचा चेहरा पुसलास आणि म्हणालास, "यमे, झकास मथळा दे."

मी दिला. 'गोदामात बाईंची खास शिकवणी'. तू हसलास.

दुसऱ्या दिवशी तू नाव छापलंस, तेव्हा मी ओरडले, ती रेजिना आहे हे मला माहीत नव्हतं म्हणून. ते खोटं होतं. तिच्या खांद्यावरची पिशवी मी ओळखली होती. मीच शिवून दिलेली. वाटलं, नाव तर नाही. आणि मथळा चांगला सुचला होता, दादा.

भूपेशकडून मूळ फोटो घेतला. त्यात नऊ मुलं आहेत. तुझ्यावरच्या केससाठी काल तो रेजिनाच्या वकीलबाईंना दिला. मथळा माझा, हेही लिहून दिलं. त्या म्हणाल्या, "मग तुमचंही नाव केसमध्ये येईल."

"येऊ दे," म्हटलं.

कोर्टात भेटू. तिथे मला यमे म्हणू नकोस. पत्राखाली 'तुझी धाकटी' लिहायची सवय आहे, आज नुसतं

यमुना