खोक्यात जामू नाही

प्रिय लास्मी,

त्या दिवशी सकाळी मी ओली हळद वाटत होते. चिंच भिजली होती, आणि तुझे बाबा नेहमीसारखे माझ्या विकायच्या बाटल्या विसळून पालथ्या घालत होते. दात घासताना थुंकले ते लाल. मला हाक मारून म्हणाले, "अगं, बघ, विडा न खाताच रंगलो!" मी मान वर न करता म्हटलं, "काल सांबालचं तिखट कमी खा म्हटलं तर ऐकलंत का? उष्णता झालीय." रोज त्यांना हळद-चिंचेच्या जामूच्या काढ्याचा एक पेला द्यायचे, त्या दिवशी दोन दिले. "गिऱ्हाइकांना नाही गं एवढं भरून देत," म्हणाले, आणि सहाच्या ठोक्याला आपली रक्त पातळ ठेवायची गोळी घेतली. हृदयाची झडप बदलल्यापासून नऊ वर्षांत ती त्यांनी एकदाही चुकवली नव्हती.

खोकं तुला या आठवड्यात मिळेल. बाळाची दुपटी आहेत, खारवलेली अंडी आहेत, पोटाला बांधायचा लांब पट्टा आहे. जामू नाही. तू कोपरे चाचपशील, मला माहीत आहे. तुझ्या सासूबाई म्हणतील, "जामूवालीची लेक, आणि बाळंतपणाला एक बाटली नाही!" म्हणू देत. त्यांना सांग, आईनेच नाही म्हटलंय.

फोनवर तू म्हणालीस, बाळंतपणानंतर पाय सुजला, रक्ताची गाठ निघाली, आणि डॉक्टरांनी बाबांचीच गोळी दिली. वर म्हणालीस, "दुसरं काही घेत नाही, असं सांगितलंय मी." बाबा दर महिन्याला रक्त तपासायला जायचे तेव्हा नर्स हेच विचारायची, आणि ते हेच सांगायचे. मी शेजारी बसून मान डोलवायची. खोटं बोलत नव्हतो आम्ही. आपल्या घरात जामू म्हणजे पाणी. पाण्याला औषध कोण म्हणतं?

ते गेल्यावर गोळीच्या पाकिटातला कागद मी भिंग लावून वाचला. चौथीपर्यंतच शिकलेली मी, महिना लागला. मग वाचनालयात मिळालं तेही वाचलं. हळदीनं त्या गोळीचा जोर वाढून रक्त थांबेनासं होऊ शकतं. म्हणून आता माझं ऐक. गोळी रोज एकाच वेळी घे. चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नकोस, दवाखान्यात विचार. पालेभाजी सोडू नकोस, पण एक दिवस डोंगर आणि चार दिवस उपास असंही नको. रक्ताची तपासणी टाळू नकोस. डोकं दुखलं तरी आपल्या मनाने कसली गोळी घेऊ नकोस, आणि अंगात वारं भरलं म्हणून सासूबाईंना नाण्याने पाठ खरवडू देऊ नकोस. हिरड्यांतून रक्त आलं, शौचाला काळं झालं, डोक्याला साधा टोला बसला, तर तशीच उठून दवाखाना गाठ. घाबरून गोळी मात्र बंद करू नकोस. ती गाठ फुप्फुसात जाऊ नये म्हणूनच आहे ती. बाबा नऊ वर्षं तिच्यावरच चालले-फिरले. तूही नीट होशील. जामू मी अजून विकते, पण आधी विचारते, कोणत्या गोळ्या चालू आहेत? कोपऱ्यावरचे आजोबा चिडतात, "तू जामूवाली की पोलीस?" मी हसते आणि बाटली झाकते.

बाबा न्हाणीत घसरून गेले, असं मी तुला सांगितलं होतं. लाल थुंकले त्याच सकाळी घसरले हे खरं. पण डोक्याला लागलं होतं थोडंसंच. उठून म्हणाले, "फरशी बघ गं, फुटली नाही ना?" दुपारी जीभ जड झाली. डोक्यातला रक्तस्राव थांबत नव्हता. डॉक्टरांनी मला विचारलं, ते आणखी काही घेत होते का? माझ्या हातांना हळदीचा वास येत होता, आणि मी नाही म्हटलं. जामूमुळेच झालं असं छातीठोकपणे कोणी सांगणार नाही. पण डॉक्टरांना ते कळायला हवं होतं. सात वर्षं मी हे कुणाला बोलले नाही. तुझ्या फोनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी जामूची टोपली उचलून बाबांच्या त्याच दवाखान्यात गेले, सगळ्या बाटल्या टेबलावर मांडल्या आणि म्हटलं, तुम्ही मला एकदा विचारलं होतं, त्याचं उत्तर हे.

तुझीच,
आई