तिसऱ्या वळणावरचं झाड

अण्णा, मी जर्मनीत सायकल चालवून आले. हसू नका. अठ्ठावन्नाव्या वर्षी, गुडघ्याला पट्टा बांधून, सहा दिवस, डोंगरातनं. तुम्ही असता तर पहिलं विचारलं असतंत, "पडलीस किती येळा?" एकदाच पडले, तेही गाई बघायच्या नादात. पण लिहायला बसलेय ते हे सांगायला नाही. तिथल्या एका म्हाताऱ्यानं तुम्हाला नमस्कार सांगितलाय. तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली हे त्याला माहीत नव्हतं, आणि आम्हीही सांगितलं नाही. तो नमस्कार पोचवावा म्हटलं तर मधे माझं एक जुनं खोटं आडवं येतं. दहावीत असताना मी तुम्हाला म्हणाले होते की पसरणी घाटात तुम्ही मला दिसलाच नाहीत. ते आधी मिटवायला पाहिजे.

तुमचा नातू तिकडं नोकरीला आहे. त्याला सुट्टीत हाच नाद, सायकलला पिशव्या लावायच्या आणि डोंगर पालथे घालायचे. मला म्हणाला, "आई, तुझ्यासाठी बॅटरीवाली घेतलीय, चढ कळणारसुद्धा नाही." आणि खरंच कळत नाही हो! बटण दाबलं की गाडी पाठीत हात लावून ढकलल्यासारखी वर जाते. रस्ते असे, की मोटारींचे वेगळे आणि सायकलींचे वेगळे. गव्हाच्या शेतातनं, सफरचंदाच्या बागांमधनं, दाट रानातनं डांबरी पट्टी जाते, आणि प्रत्येक फाट्यावर सायकलचं चित्र काढलेली इवलीशी पाटी. चुकायचं म्हटलं तरी चुकता येत नाही. गाव आलं की आधी चर्चचं टोक दिसतं, मग लाल कौलं, आणि मग पावाचा वास येतो. सकाळी सातला बेकरीपुढं रांग. पहिल्या दिवशी त्या वासानं मी दारातच उभी राहिले. लेकाला वाटलं भूक लागली. मला आपलं पसरणीचं घर आठवत होतं. तुम्ही पहाटे वाईच्या बेकरीतनं पत्र्याची पेटी भरून आणताय, कॅरिअरला ट्यूबनं आवळताय, आणि आई म्हणतेय, "आवं, च्या तरी घ्या," आणि तुम्ही उभ्या उभ्याच बशी तोंडाला लावताय.

रोज तोच घाट, वर पाचगणीला दारोदार विकायला. जाताना पाव, बटर, खारी, टोस्ट, सगळी पेटी भरलेली, म्हणून ढकलत. येताना रिकामी, म्हणून भोंगा वाजवत सुसाट. त्या घाटात तुम्हा लोकांचा एक नेम होता. दूधवाले, पेपरवाला, तुम्ही, सगळे पाळायचात. चढाला कुणी सायकल ढकलत निघालेला दिसला तर त्याला ओलांडून जायचं नाही. आपल्या पायात कितीही दम असला तरी उतरायचं, एक वळण त्याच्याबरोबर चालायचं, आणि मग हवं तर पुढं जायचं. मला नळीखालनं पाय घालून सायकल शिकवलीत ना, तेव्हा ब्रेकच्याही आधी हे शिकवलंत. "उतार ज्याचा त्याचा, पन चढ समद्यांचा. चढाला मानूस येकटं सोडू न्हाई, पोरी." मी विचारलं, "आणि लय घाई असली तर?" तुम्ही म्हणालात, "घाई आसंल तर आर्धं वळण. पन उतरायचं म्हंजी उतरायचं."

चौथ्या दिवशी एक लांबलचक चढ लागला. लेक पुढं निघून गेला होता. वळण घेतलं तर समोर पंच्याहत्तरीचा एक म्हातारा, निळा सदरा, सायकलला दोन्हीकडं फुगलेल्या पिशव्या, ढकलत चाललेला. मी काही विचार केला नाही अण्णा, पाय आपोआप खाली आले. उतरले आणि त्याच्या शेजारनं चालायला लागले. तो थांबला. माझ्या बॅटरीकडं बघितलं, चाकाकडं बघितलं, काहीतरी बराच वेळ बोलला. मी म्हटलं, "सोबत, सोबत." त्यानं मान डोलावली, पिशवीतनं पंप काढला, आणि माझ्या टणक चाकात हवा भरायला बसला! मी नको नको म्हणतेय, तो आपला भरतोय. एवढ्यात लेक धापा टाकत परत आला. "आई, काय झालं?" म्हटलं, "काय व्हायचंय! माणूस ढकलत चाललाय, मी कशी पुढं जाऊ? सांग त्याला." लेकानं डोक्याला हात लावला, पण सांगितलं. म्हाताऱ्यानं माझ्याकडं टक लावून बघितलं, पंप ठेवून दिला आणि दोनच वाक्यं बोलला. लेक म्हणाला, "त्यांना डाव्या कानानं ऐकू येत नाही. उजव्या बाजूनं चल म्हणतायत."

मग चाललो की दोन वळणं. पिशव्या धरूनही त्याची सायकल हलकी, माझी बॅटरीची धोंड, त्यामुळं दम मलाच लागला. चढ संपला तिथं त्यानं रुमालात बांधलेले आलुबुखार काढून दिले आणि विचारलं, हे कुणी शिकवलं? मी म्हटलं, वडिलांनी. तेव्हा तो म्हणाला, त्यांना माझा नमस्कार सांगा. लेक हसत होता, आणि मी हातातला आलुबुखार परत रुमालात ठेवला. शिकवलं वडिलांनी खरं. पाळलं कुठं होतं मी?

तो रविवार. आम्ही वर्गातल्या सहाजणी भाड्याच्या सायकली काढून पाचगणीला निघालोय. डॉक्टरांची मुलगी आहे, तहसीलदारांची आहे. वडील काय करतात असं त्यांनी विचारल्यावर मी "बेकरीत असतात" म्हणाले होते. बेकरी आमचीच, असं त्यांनी समजून घेतलं आणि मी समजू दिलं. आता सगळ्या उभं राहून पेडल मारतायत, चेहरे लालबुंद. तिसऱ्या वळणापाशी डॉक्टरांची मुलगी म्हणते, "मेले गं बाई, उतरूया आता." आणि तिथंच, दहा पावलांवर, तुम्ही. पेटी, भोंगा, पाठीला चिकटलेला घामेजलेला सदरा. मी ओरडले, "उतरू नका! पुढच्या वळणापर्यंत चला, हरायचं नाही!" आणि पाच पोरींना तुमच्या अंगावरनं पुढं काढलं. त्या बिचाऱ्या उतरायला तयार होत्या हो. मीच उतरू दिलं नाही.

संध्याकाळी तुम्ही चुलीपुढं पाय शेकत बसला होतात. तुम्ही काही विचारायच्या आतच मी म्हटलं, "तुम्ही घाटात होता का आज? मला दिसला नाहीत." आई तुमच्याकडं बघायला लागली. तुम्ही पायावरनं हात फिरवत म्हणालात, "व्हय, दिसायचं न्हाई. तिसऱ्या वळनाला ते झाड लय आडवं येतंय." झालं, विषय संपला. मला इतकं हायसं वाटलं की मी त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

त्यानंतर लग्न होऊन सांगलीला आले, तीस वर्षं पोरांना गणित शिकवलं. एसटीनं त्या घाटातनं किती वेळा गेले असेन, पण तिसरं वळण आलं की मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागते. जर्मनीहून आल्यावर मात्र मुद्दाम वाईला गेले, रिक्षा केली आणि तिथं उतरले. एका बाजूला काळा खडक, दुसऱ्या बाजूला कठडा, खाली धोम धरणाचं पाणी. कठड्याशी एक म्हातारी कणसं भाजत बसली होती. तिला विचारलं, "आजी, इथलं झाड कधी तोडलं?" ती म्हणाली, "हितं? ह्या खडकात कुटलं झाड, बाई? मी लगीन हून आले तवापास्नं ह्यो असाच उघडा हाय." मी कठड्यावर बसले आणि रडले. अगदी हुंदके देऊन. त्या आजीनं न विचारता कणीस हातात दिलं.

म्हणजे झाड तुम्हीच लावलंत, त्या संध्याकाळी, माझ्यासाठी. पोरीला खोटं एकटीनं वाहायला लागू नये म्हणून त्याला तुम्ही खांदा दिलात. आणि मी गणिताची मास्तरीण, मला बेचाळीस वर्षं हे सुटलं नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. तुमच्या भोंग्याचा रबर मी एका डब्यात जपून ठेवलाय, त्याच डब्यात घालून ठेवीन. म्हाताऱ्याचा नमस्कार तेवढा घ्या. आणि अजून एक, जे त्या आजीलाही सांगितलं नाही, लेकालाही नाही. त्या वळणावर तुम्ही मला बघून हात वर केला होतात. मी मान वळवली, तेव्हा तो वर गेलेला हात तुम्ही टोपीला लावलात आणि टोपी सरळ केलीत. टोपी सरळच होती, अण्णा. मी पाहिलं होतं.