बाबांचे बूट डोंगरावर राहिले

शनिवार, संध्याकाळ. कोलोरॅडो

बाबांचे नवे बूट डोंगरावर राहिले. चुटपुट लागलीय, आणि हसूही येतंय.

बाबा नाशिकहून आल्यापासून माझ्या मनात एकच घोळत होतं, त्यांना पाइक्स पीकला न्यायचं की नाही. एवढ्या उंचीवर दम लागला तर? पण गाडी थेट शिखरापर्यंत जाते, म्हणून धाडस केलं. वर पार्किंगमध्ये मी जॅकेट शोधतेय, तोवर बाबा पुढे कड्याशी नुसत्या मोज्यांवर हात जोडून उभे! बूट चाकापाशी नीट जोडून ठेवलेले.

"अहो बाबा, इथे देऊळ नाहीये. गिफ्ट शॉप आहे."

"डोंगरमाथा आहे ना? मग?"

कुडकुडत परत आले, दुसऱ्या दाराने गाडीत बसले. मी घाईघाईने हीटर लावला आणि निघालो. खाली जेवायला उतरताना कळलं, पायात बूटच नाहीत! मी वैतागले. पण बाबांना दम लागला नव्हता, चेहरा कसा खुललेला.

"जाऊ दे गं. देवळाबाहेर चपला गेल्या की पीडा जाते."

"पण बाबा, तिथे देऊळ नव्हतं!"

"मग बूट कसे गेले?"