बाबांची वाचा

अमॉय, चीन
३ एप्रिल १८६८

प्रिय हेक्टर,

तुझं पत्र परवाच्या जहाजानं पोचलं. जेसीवहिनीची तब्येत सुधारली हे वाचून बरं वाटलं. मी ठीक आहे. दमट हवेनं पुस्तकांना बुरशी धरते, ऊन पडलं की मी ती अंगणात वाळत घालते. म्हातारी आ-कीम अजून स्वयंपाकघरावर राज्य करते आणि मी ताटात काही टाकलं की मला लहानपणीसारखीच झापते.

बाबांसाठी तू खालची खोली रंगवून घेतलीस. शरदात त्यांना स्कॉटलंडला न्यायला येणार म्हणतोस. ‘निदान त्यांच्या तोंडचा एक शब्द तरी कळव,’ असंही लिहिलंस.

गेल्या सप्टेंबरात प्रवचन चालू असताना बाबा कोसळले, उजवा हात आणि वाचा गेली, हे तुला कळवलं होतं. पुढे वाचा परत आली, तेही कळवलं. कोणती आली, ते लिहायला मात्र हात धजला नाही.

बाबा आता फक्त इथली बोली बोलतात. इंग्रजीचा एक शब्द उरलेला नाही. मी सकाळी इंग्रजीत काही म्हटलं तर अदबीनं मान हलवतात, परक्या खलाशापुढे हलवावी तशी.

टान गुरुजी रोज येतात. इथल्या बोलीचा इंग्रजी शब्दकोश करताना एकेका शब्दावरून दोघं किती भांडायचे! परवा गुरुजींनी कोशाची पानं पुढे ठेवली. बाबांनी चिनी बाजू भराभर वाचली, एक चूकही काढली. मग इंग्रजी ओळींवर बोट ठेवून म्हणाले, “ही किडामुंगी कुणी काढली हो?”

“तुम्हीच, पाद्रीबुवा.”

“थट्टा पुरे. मला कुठं येतंय हे?”

गुरुजी हसले. मग अंगणात जाऊन बराच वेळ भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

काल दुपारी मी तुझं पत्र बाबांना इथल्या बोलीत करून वाचून दाखवलं. सात वर्षांच्या तुला जहाजावर चढवलं तो दिवस, मावशीकडचा पहिला हिवाळा, सगळं. ‘चीनमधली सगळी लेकरं बाबांना आपली वाटली, मी सोडून’ हे वाक्य गाळावंसं वाटलं. गाळलं नाही.

पेजेचा चमचा त्यांच्या डाव्या हातात तसाच राहिला. डोळे वाहू लागले.

“कोण गं हा?”

“हेक्टर, बाबा. आपला हेक्टर.”

“चल, वेडे! हेक्टर शिंपले वेचायला गेलाय किनाऱ्यावर. हा तर मोठा बाप्या आहे.” थोडं थांबून म्हणाले, “याच्या बापाला निरोप धाड. म्हणावं, पोराची माफी माग. नाहीतर देवापुढे कुठल्या तोंडानं उभा राहशील?”

त्यांच्या तोंडचे शब्द मागितलेस, ते जसेच्या तसे लिहिले आहेत.

त्यांना न्यायला येऊ नकोस, हेक्टर. तिकडे त्यांच्याशी बोलणार कोण? पण भेटायला ये. तूही लहानपणी याच बोलीत हट्ट करायचास; कानावर पडली की आठवेल. डॉक्टर शरदापर्यंतचा भरवसा देत नाहीत. मिळेल त्या जहाजानं नीघ.

ते तुला ओळखतील असं वचन मला देता येत नाही. काल ते तुझ्यासाठी रडले, एवढं मात्र मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

तुझी बहीण,
इसोबेल