सलाइन मी बंद केलं आहे

धम्मप्रिया,

उन्हाळ्यात आलेलं दिपकचं पत्र मी पुस्तकात ठेवून दिलं आणि उत्तर धाडलं नाही, हे तुला ठाऊक आहे. तुझ्या भावाने एवढंच विचारलं होतं, "बाबा, आईला भेटायला येऊ का?"

आईला घरी लावलेलं सलाइन आज मी बंद केलं आहे. सुईभोवती आईचा हात सुजला आणि गार लागू लागला. तू ड्यूटीवर, फोन लागेना. मी तुझं नर्सिंगचं पुस्तक शोधत बसलो, तर ती म्हणाली, "पुस्तक राहू द्या की. हात माझा दुखतोय, चकती फिरवा." नळीवरची चकती फिरवून थेंब थांबवले. सुई काढली नाही, ते तू बघ. हात उशीवर उंच ठेवला आहे. सकाळपासून जुलाब नाहीत, ओआरएस चमच्याने घेते आहे. शेजारच्या नरसम्मा जवळ बसल्या आहेत. माझं चुकलं असेल तर सांग.

नवी सुई आणायला निघालो होतो, पण डॉक्टरांची चिठ्ठी घरीच राहिली म्हणून परत आलो. तेवढ्यात हे लिहितो आहे.

थेंब थांबल्यावर आई म्हणाली होती, "बघा, जमलं की तुम्हाला." मग दिपकला लिहायला बसलो. फोनवर मला बोलता येत नाही. "ये, आई वाट बघते," एवढंच लिहिलं. पाकीट चिकटवल्यावर एवढं पुरेल का अशी शंका आली, ते फोडलं, खाली "मीही" असं लिहिलं आणि पुन्हा चिकटवलं. मघाशी जाताना कोपऱ्यावरच्या टपालपेटीत टाकलं.

बाबा